वैर दिल्लीचं, मशीन निंगबोचं

१५ जून २०२० हा सोमवार होता. लॉकडाऊन नुकतं सैल होत होतं, म्हणून 'मॅग्नेटिक महाराष्ट्र २.०' हा राज्य सरकारचा गुंतवणूक सोहळा ऑनलाइनच उरकला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि उद्योगमंत्री सुभाष देसाई यांच्या साक्षीनं जे सामंजस्य करार झाले, त्यांतले तीन चिनी भांडवलाचे होते आणि तिन्ही तळेगावसाठी होते. ग्रेट वॉल मोटर्सचा ३,७७० कोटींचा, फोटॉनच्या भागीदारीतला पीएमआय इलेक्ट्रो मोबिलिटीचा १,००० कोटींचा, हेंगली इंजिनिअरिंगचा २५० कोटींचा. त्याच रात्री लडाखमध्ये गलवान खोऱ्यात भारतीय आणि चिनी सैनिक दगड, लोखंडी गज आणि खिळे ठोकलेली दांडकी घेऊन एकमेकांवर तुटून पडले. आपले २० जवान गेले. आठवडाभरात देसाईंनी जाहीर केलं की तिन्ही करार थांबवले आहेत.

संपादकांनी विषय दिला 'वैर'. दोन देशांची माणसं खरंच एकमेकांवर डूख धरून असतात, की तो सगळा वरचाच कारभार असतो, ते जाऊन बघा म्हणाले. सीमा बघायला लोक लडाखला जातात, वाघा-अटारीला जातात. मी भोसरीहून चाकणची बस पकडली. पुण्याजवळच्या या औद्योगिक पट्ट्यात जर्मन, कोरियन, जपानी, चिनी, स्वीडिश, सगळे एकाच खड्ड्यांच्या रस्त्यानं कामावर जातात. चाकणच्या एका गेटवर तर स्कोडा आणि फोक्सवॅगन ही दोन नावं शेजारी शेजारी लागलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात हीच झेक स्कोडा हिटलरचा सहकारी गोअरिंग याच्या नावानं चालणाऱ्या उद्योगसमूहात जुंपली गेली होती. २०१९ पासून भारतात दोघांची एकच कंपनी आहे, आणि त्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही.

नावावर चिकटवलेला पेपर

चाकण एमआयडीसीतली एक शेड प्लॅस्टिकचे पार्ट काढते. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांना जे माल देतात, त्यांच्यापैकी एक. आत दाणा सुकवायच्या हॉपरची घरघर आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. मोल्ड उघडतो, पार्ट खाली पडतो, मोल्ड मिटतो. ऑपरेटरचं लक्ष सायकल टाइमवर, सुपरवायझरचं रिजेक्शनच्या पेटीवर. एका रांगेत उभ्या असलेल्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनपैकी निम्म्याहून अधिक चीनमधल्या निंगबोहून आलेली. निंगबो म्हणजे या धंद्याची पंढरीच. तिथे मशीन बनतात, शेजारच्या गावांत मोल्ड बनतात.

शेडचे शेठ मूळचे जुन्नर तालुक्यातले. भोसरीत एका लेथवर सुरुवात केलेली. गलवानच्या आठवड्यात त्यांनी एक गोष्ट केली होती, ती त्यांनी हसत सांगितली. मशीनवरच्या चिनी नावावर त्यांनी पेपर चिकटवला. कुठल्या तरी संघटनेची पोरं येऊन फोटो काढतील, ही धास्ती. कोणी आलं नाही. चार दिवसांनी हीटरच्या धगीनं तो पेपर आपोआप सुटून पडला.

त्यांचा खरा ताप वेगळाच होता. त्याच महिन्यात त्यांचं एक नवं मशीन न्हावाशेवाला अडकलं होतं. चीनहून आलेला प्रत्येक कंटेनर कस्टमवाले उघडून तपासू लागले होते. मशीन सुटून आलं, हायड्रा क्रेननं उतरवलं, पायावर बसवलं, आणि मग ते चालू करायला माणूसच नाही. एरवी कंपनीचा चिनी इंजिनिअर येतो, चाकणच्या लॉजवर राहतो, भात आणि अंडी खाऊन आठ-पंधरा दिवसांत मशीन लावून देतो. आता कोविड, त्यावर व्हिसा बंद. फोनवर समजावून घ्यावं, तर २९ जूनला सरकारनं ५९ चिनी ॲप बंद केली, त्यात वीचॅट गेलं. आणि चीनमध्ये व्हॉट्सॲप आधीपासूनच बंद. दोन देशांनी एकमेकांची दारं अशी लावून घेतलेली की निंगबोच्या माणसाला चाकणच्या माणसाशी बोलायला सरळ रस्ताच उरला नाही.

तरी ते बोलले. कसे, ते मेंटेनन्सवाल्या दादांनी सांगितलं. निंगबोचा पोरगा कुठलीशी आडवाट काढून व्हॉट्सॲपवर यायचा. दादांनी मोबाइल स्टँडला लावायचा, कंट्रोल पॅनेलची झाकणं काढायची आणि टॉर्च मारून एकेक वायर दाखवायची. इंग्रजी दोघांचंही बेताचं. त्यामुळे संभाषण म्हणजे 'धिस?', 'नो नो', 'यस यस' आणि बोटं. चिनी घड्याळ अडीच तास पुढे, म्हणून दादा सकाळी साडेपाचलाच येऊन बसायचे. मधे दादांच्या घरी कोविड आला. ते कामावर आले नाहीत, तर त्या पोरानं रोज शेठला विचारावं, 'मिस्टर ओके?' गलवानचं कधी निघालं का, असं मी विचारलं. दादांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. मशीनचा प्रेशर पंप लागत नव्हता, म्हणाले.

हे प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. गरज होती. दादांना पगार हवा होता, त्या पोराला मशीन चालू झाल्याची सही हवी होती. दादांच्या फोनमध्ये तेव्हाही चिनी मालावर बहिष्काराचे फॉरवर्ड होते. त्यांनी ते पुढेही पाठवले होते, आणि त्या फॉरवर्डमधल्या 'चिन्या'चा आणि या पोराचा काही संबंध आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. दर खंडेनवमीला इतर मशीनबरोबर त्या मशीनलाही हळदकुंकू आणि झेंडूचा हार असतो.

देशाचा हिशेबही याच शेडसारखा निघाला. २०१९-२० मध्ये चीनहून आपली आयात सुमारे ६५ अब्ज डॉलरची होती. गलवान, ॲपबंदी, बहिष्काराच्या शपथा हे सगळं होऊन २०२४-२५ मध्ये ती ११३ अब्जांवर गेली.

चुंबक

२०२५ मध्ये वैर उलट्या दिशेनं आलं. एप्रिलमध्ये चीननं सात दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. निशाणा अमेरिकेच्या आयातशुल्कावर होता, गोळी आकुर्डीला लागली. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये हे चुंबक लागतात. बजाजची नवी चेतक आकुर्डीत बनते, आणि जुलैत राजीव बजाज यांनी उघडच सांगितलं की ऑगस्टमध्ये उत्पादन शून्यावर येऊ शकतं. परवाना काढायची रीत ऐकून मला गंमत वाटली. हा चुंबक लष्करी कामाला वापरणार नाही, असं इथल्या कंपनीनं लिहून द्यायचं. त्यावर आपल्या सरकारची मोहोर, मग चिनी वकिलातीची, मग कागद चीनमधल्या पुरवठादाराकडे आणि त्याच्यामार्फत त्यांच्या वाणिज्य मंत्रालयाकडे. म्हणजे ज्याच्याशी वैर, त्यालाच शपथपत्र. दुर्मिळ मृदा चीननं अडवल्याचा अनुभव २०१० मध्ये एका मासेमारी बोटीच्या भांडणावरून जपाननंही घेतला होता.

इथल्या एका पुरवठादाराकडे काम करणाऱ्या मुलीला मी विचारलं, लाइनवर चीनबद्दल काय बोलतात? ती म्हणाली, चीनबद्दल कशाला बोलतील, ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद झाला त्याबद्दल बोलतात.

पेनिसिलीन

आता एक जुनं नुकसान. ज्याला खरोखर वैर म्हणावं, ते इथे रुजायला हवं होतं.

पिंपरी हे नाव महाराष्ट्राला आधी कळलं ते पेनिसिलीनमुळे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. पिंपरीत अजून तिला नुसतं 'एचए' म्हणतात. बस स्टॉप एचएचा, कॉलनी एचएची. १९६१ मध्ये इथल्याच प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूनं हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. रशियन, अमेरिकन, युरोपियन पाहुणे हा कारखाना बघायला यायचे.

पेनिसिलीन बनतं ते मोठमोठ्या टाक्यांत बुरशी आंबवून. तिला साखर, मक्याचा अर्क आणि दिवसरात्र हवा लागते, म्हणजेच वीज लागते. नव्वदीनंतर चीननं या टाक्या अशा आकाराच्या बांधल्या, आणि वीज-साखर अशी स्वस्त दिली, की चिनी पेनिसिलीन-जी इथल्या उत्पादनखर्चाच्याही खाली येऊन पडलं. भारतातले कारखाने एकामागून एक थांबले. पिंपरीच्या टाक्याही थंडावल्या. एचएच्या कामगारांनी मग महिनोन्‌महिने पगाराविना काढले. २०२० मध्ये साथ आल्यावर दिल्लीला आठवलं की पेनिसिलीनसाठीसुद्धा आपण चीनच्या दारात उभे आहोत. प्रोत्साहन योजना आली, आणि २०२४ मध्ये देशात पेनिसिलीन-जी पुन्हा बनू लागलं. पण आंध्रात, काकीनाड्याला.

एचए कॉलनीतल्या एका निवृत्त फिटर काकांशी मी बराच वेळ बोललो. चिडले होते. त्यांच्या बोलण्यात मॅनेजमेंट होती, दिल्लीचे मंत्री होते, आयात करून गबर झालेले व्यापारी होते, युनियनमधला एक विशिष्ट नेता होता, ज्याचं नाव त्यांनी तीनदा घेतलं. चीन नव्हता. मी मुद्दाम चीन काढला, तर म्हणाले, 'त्यानं त्याचा माल विकला. आपल्यांनी का घेतला?'

माझ्या डोक्यातलं गणित इथे बिघडलं. ज्या घरात चीननं चूल विझवली तिथे चीनचा राग नाही, आणि ज्यांनी चिनी माणूस डोळ्यांनी पाहिला नाही ते टीव्हीसमोर मुठी आवळतात. नुकसान आणि वैर एकाच घरी नांदत नाहीत, असं दिसतंय.

कॅम्प

पिंपरी स्टेशनच्या पलीकडे कॅम्प आहे. कापड, बूट, लग्नाचे कपडे, क्रॉकरी, सकाळी दाल-पकवान. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं, म्हणून कॅम्प. कराचीहून आगबोटीनं मुंबई, तिथून कल्याण किंवा पिंपरी, असा अनेक कुटुंबांचा प्रवास.

पाकिस्तानवरचं वैर बघायचं तर इथेच दिसेल, असं कोणालाही वाटेल. पण इथल्या सर्वांत वयस्कर माणसांच्या बोलण्यात राग फार कमी आहे. गल्ली आहे, हवेली आहे, शिकारपूरचा बाजार आहे, घराची किल्ली ज्याच्या हातात दिली तो मुसलमान शेजारी आहे. अशाच एका आजोबांचा नातू, पिंपरीत जन्मलेला, सिंध नकाशावरच बघितलेला, तो मात्र पाकिस्तानचं नाव निघालं की पेटतो. आजोबांनी मला डोळ्यानं खूण केली, बोलू दे त्याला.

कॅम्पातली दुसरी लाट नंतर आलेल्यांची आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सिंधमधून व्हिसा काढून आलेले आणि परत न गेलेले हिंदू. यांचं सगळं आयुष्य एका फायलीत मावतं. पाकिस्तानी पासपोर्ट, दीर्घ मुदतीचा व्हिसा, भाडेकरार, लाइट बिल, पोलिसांच्या परकीय नागरिक शाखेची नोंद. घर बदललं तर कळवायचं, शहराबाहेर जायचं तर विचारायचं. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रानं देशातल्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना अशा लोकांना नागरिकत्व द्यायचा अधिकार दिला, त्यात पुण्याचे होते. २०२४ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम आले, पण ते ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. नंतर आलेल्यांना जुनाच लांबचा रस्ता. मुदत संपलेला पासपोर्ट नवा करायचा तर पाकिस्तानी उच्चायोगाच्याच दारात जायचं, आणि तिथले कर्मचारी मे २०२५ मध्ये ३० वर आणले गेले. खोखरापार-मुनाबावची थर एक्स्प्रेस २००६ मध्ये सुरू झाली होती, ती ऑगस्ट २०१९ पासून बंद. आईच्या मातीला जाणं तेव्हाच संपलं.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला. मारल्या गेलेल्यांत पुण्याचे दोघे होते, त्यामुळे या शहरातला संताप उसना नव्हता. तो मीही अनुभवला आणि तो खोटा ठरवायला मी आलेलो नाही. दोन दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली. दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच्या हिंदूंना ती लागू नाही, हा खुलासा मागाहून. मधल्या तासांत काय झालं ते एका दुकानदारानं सांगितलं. त्यानं आधी फाइल काढली, सगळ्याच्या झेरॉक्स मारल्या. मग फोन काढला आणि सक्करच्या त्याच्या मुसलमान शाळासोबत्याचा नंबर पुसून टाकला. क्रिकेटच्या मॅचला दोघं एकमेकांना व्हॉइस मेसेज पाठवायचे.

'गुस्सा आला होता?' मी विचारलं.

'गुस्सा कशाचा? डर. कोणी फोन चेक केला तर?'

बाहेरून बघणाऱ्याला हे वैरच दिसेल. त्या सक्करवाल्यालाही तसंच वाटलं असणार.

शेजारचं भांडण

परदेशी साहेबांचा राग येतो का, हा प्रश्न मी बऱ्याच कामगारांना विचारला. येतो. कोरियन साहेब सगळ्यांसमोर ओरडतो. जपानी ओरडत नाही, पण एका फडक्याच्या जागेवरून अर्धा तास घेतो. जर्मन मेल लिहितो आणि त्यात सगळ्यांना ठेवतो. पण हा साहेबाचा राग आहे, देशाचा नाही. मराठी साहेबाबद्दल याहून वाईट ऐकलं.

चाकणच्या खऱ्या डुखी वेगळ्या आहेत. पर्मनंट आणि ठेकेदाराचा माणूस, एकाच लाइनवर एकच बोल्ट आवळतात आणि पगारात जमीनअस्मान. कँटीनचं टेबल वेगळं, काही ठिकाणी बसही वेगळी. जमीन एमआयडीसीला गेलेला गाववाला आणि त्याच्याच चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत चौघं मिळून राहणारी नांदेडची, बीडची, बिहारची, ओडिशाची पोरं. 'बाहेरच्यांनी गाव बिघडवलं' हे वाक्य मला त्या माणसानं ऐकवलं, ज्याच्या चाळीच्या भाड्यावर त्याची नवी गाडी उभी होती. चाकणमध्ये बसगाड्या खरोखर पेटल्या त्या ३० जुलै २०१८ ला, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात. त्या जाळपोळीत कुठलाही परदेश नव्हता.

वडगावची समाधी

तळेगावच्या पुढे जुन्या महामार्गावर वडगाव मावळ. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजांना इथे कोंडून तह लिहून घेतला. विजयस्तंभ आहे, महादजी शिंद्यांचं स्मारक आहे. आणि गावात एक समाधी आहे कॅप्टन जेम्स स्टुअर्टची. कार्ल्याजवळच्या लढाईत ४ जानेवारी १७७९ ला तो पडला. झाडावर चढून दुर्बिणीतून मराठ्यांचं सैन्य न्याहाळत असताना गोळा लागला, असं सांगतात. त्याच्या धाडसावर शत्रूच इतका खूश की त्यांनीच त्याला इष्टुर फाकडा केलं. फाकडा ही पदवी मराठे सहजी देत नसत. मानाजी शिंद्यांना होती. पुढे गावकरी या समाधीला नवस बोलू लागले.

हे लोककथेतलं गोड प्रकरण म्हणून सोडून देता आलं असतं. पण मला तो व्यवहार दिसतो. दोन्ही सैन्यं आमनेसामने होती. कोण किती धीट, हे डोळ्यांनी दिसत होतं, आणि जे दिसलं ते मान्य करण्यात कमीपणा नव्हता. असंच पुढे चीनमध्येही झालं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरहून १९३८ मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत १९४२ मध्ये तिथेच वारले. १९६२ चं युद्ध होऊनही चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना आवर्जून भेटत राहिले. त्याच १९६२ मध्ये आपण इथल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना, त्यांतले बरेच इथेच जन्मलेले, राजस्थानात देवळीच्या छावणीत कोंडलं. त्यांना ओळखणारे शेजारी होतेच. कोंडायला कायदा लागला.

गेटबाहेर

सुरुवातीला सांगितलेल्या ग्रेट वॉलच्या कराराच्या मागे तळेगावचा एक कारखाना होता. जनरल मोटर्सनं तो सप्टेंबर २००८ मध्ये चालू केला. २०१७ अखेर कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवलं, तरी इथून निर्यात चालू होती. जानेवारी २०२० मध्ये तो ग्रेट वॉलला विकायचं ठरलं. एप्रिलमध्ये केंद्रानं नियम काढला की सीमेला लागून असलेल्या देशातली गुंतवणूक सरकारी मंजुरीशिवाय येणार नाही. जूनमध्ये गलवान. मंजुरीची फाइल दिल्लीत पडून राहिली. २४ डिसेंबर २०२० ला शेवटची गाडी बाहेर पडली. सौद्याची मुदत वाढवत वाढवत २०२२ च्या मध्यावर ग्रेट वॉलनं नाद सोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं करार केला.

पण कराराच्या भाषेत ह्युंदाईनं मालमत्ता घेतली. जमीन, इमारती, ठरावीक यंत्रं. कंपनी घेतली असती तर माणसं बरोबर आली असती. हजाराहून अधिक कामगार मधल्या काळात कोर्ट, आंदोलनं, निवेदनं करत राहिले. दिल्ली-बीजिंगच्या वैराला एवढं स्पष्ट, नावगावासह बिल या पट्ट्यात दुसरं कोणाच्या नावे फाटलेलं नाही.

त्यांच्यातल्या एकाला मी तळेगावात भेटलो. बॉडी शॉपला स्पॉट वेल्डिंग करायचा, आता स्कूल व्हॅन चालवतो. राग कोणाचा, असं विचारल्यावर तो खरोखर विचार करायला लागला. अमेरिकनांचा? पगार चांगला होता, जाताना मात्र नीट वागले नाहीत. चिन्यांचा? ते आलेच नाहीत. आले असते तर बरं झालं असतं, असं आम्ही तेव्हा उघड म्हणू शकत नव्हतो, गलवान झालं होतं. माझा मावसभाऊ फौजेत आहे. कोरियनांचा? त्यांनी विकत घेतलं, पैसे मोजले. सरकारचा म्हणावं, तर कुठल्या? मधे तीन बदलली.

मग त्यानं माझा नंबर लिहून घेतला. २०२५ च्या दिवाळीच्या आसपास तिथून ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडायच्या होत्या. त्यांच्या एचआरमध्ये माझ्या ओळखीचं कोणी आहे का, ते त्याला हवं होतं. स्वतःसाठी नाही. मुलाचा आयटीआय पुढच्या वर्षी पुरा होणार होता, ट्रेड मोटर मेकॅनिक.